आवाज तुझा, चेहरा त्याचा

चि. (नाव मुद्दाम गाळते आहे, हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार),

अनेक आशीर्वाद.

मालिकेतल्या त्या फौजदाराच्या भूमिकेसाठी तुझी ऑडिशन झाली, आवाज सगळ्यांना आवडला, आणि मग ‘पडद्यावर जरा वेगळी पर्सनॅलिटी हवी’ असं सांगून दुसऱ्या मुलाला घेतलं. आता त्या मुलाचं मराठी अडखळतं, म्हणून त्याच्या तोंडी तुझा आवाज घालायचा, असा निरोप आलाय. अपमान समजून नाही म्हणू, की पैसे मिळताहेत तर मुकाट्याने करून येऊ, असं तू विचारतोस. आणि शेवटी, जरा चिडूनच, लिहिलंयस की रेडिओवाल्यांना टीव्हीवर जागाच नसते का.

पर्सनॅलिटी म्हणजे काय ते तुलाही कळलंय आणि मलाही. तुझी अंगलट स्थूल आहे. तिथे उगीच शब्द मऊ करत बसायला नको.

तुला एका माणसाबद्दल सांगते. आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला. विल्यम कॉनरॅड. तुझ्या वयाच्या कुणी हे नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. मीसुद्धा निवृत्त झाल्यावर, जुन्या श्रुतिका शोधता शोधता त्याच्यापर्यंत पोचले. त्याचे रेडिओचे कार्यक्रम इंटरनेटवर सहज सापडतात, आणि जन्मभर माइकसमोर उभी राहिलेली बाई म्हणून सांगते, असा नट मी फार कमी ऐकला आहे.

जन्म २७ सप्टेंबर १९२०, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा. आईवडिलांचं सिनेमा थिएटर होतं. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं आणि लॉस एंजेलिसच्या केएमपीसी या रेडिओ केंद्रावर तो निवेदन, लेखन, दिग्दर्शन अशी पडतील ती कामं करू लागला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाचा वैमानिक झाला, नंतर सैन्याच्याच रेडिओसाठी कार्यक्रम केले. परत आला तो थेट रेडिओ नाटकांच्या गर्दीत. आपण साडेसात हजारांवर भूमिका केल्या, असा त्याचा स्वतःचा अंदाज होता. नटांच्या अंदाजातून थोडं वजा करायचं असतं हे तुला माहीत आहेच. पण निम्मे वजा केले तरी काय उरतं बघ.

आता मुख्य गोष्ट. २६ एप्रिल १९५२ला सीबीएस या अमेरिकेतल्या मोठ्या प्रसारण कंपनीच्या रेडिओवर ‘गनस्मोक’ ही नाट्यमालिका सुरू झाली. (त्याच वर्षाच्या डिसेंबरात इकडे रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगितलं.) कॅन्सस राज्यातलं डॉज सिटी हे गाव, १८७०नंतरचा काळ, गुराख्यांची ये-जा, गुत्ते, मारामाऱ्या, आणि या सगळ्यावर एक सरकारी मार्शल, मॅट डिलन. निर्माता नॉर्मन मॅकडॉनेल, मुख्य लेखक जॉन मेस्टन. कॉनरॅडचा आवाज आधीच रोज कुठे ना कुठे ऐकू येत होता, म्हणून सीबीएसला तो नको होता असं सांगतात. मग त्याने ऑडिशनला काही ओळी वाचल्या आणि विषय संपला.

तू ‘द केबिन’ नावाचा भाग ऐक. बर्फाच्या वादळातून डिलन एका झोपडीत शिरतो. आत दोन खुनी आणि एक मुलगी. बाहेर वारा, आत चूल. एवढंच. ऐकताना वही घेऊन बस, आणि तो काय बोलतो ते लिहू नकोस. कुठे बोलत नाही ते लिही. एवढा जाड, खोल, भरदार आवाज मिळालेला माणूस. त्याने प्रत्येक वाक्य दणकावून टाकलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण हा धमकी देताना आवाज खाली आणतो. राग आला की वाक्य तोडतो. समोरचा बोलत असतो तेव्हा हा ऐकत असतो, आणि तो ऐकतोय हे आपल्याला ऐकू येतं! कसं, ते मला अजून पुरतं सांगता येणार नाही. श्वासावरून कळतं काहीसं. पुढच्या वाक्याची सुरुवात मागच्या माणसाच्या वाक्यातून उगवते त्यावरून कळतं. सुरुवातीच्या निवेदनात डिलन स्वतःबद्दल म्हणतो की हे काम माणसाला सावध करतं आणि थोडं एकटं. हे वाक्य आपल्याकडच्या कुणी किती कणव ओतून म्हटलं असतं याची कल्पना कर. कॉनरॅड ते हवापाण्याची बातमी सांगावी तसं सांगतो.

आणि त्या कार्यक्रमातले ध्वनिवाले! फळ्यांच्या रस्त्यावर बुटांची चाल, टाचेला लावलेल्या घोडेस्वारी काट्यांची खुळखुळ, लांब कुत्रं भुंकतंय, दार उघडून परत मिटतंय. डिलन गल्लीतून चालतो तेव्हा कितीतरी वेळ कुणी काही बोलत नाही. आपल्याकडे एवढी शांतता सोडली असती तर ड्यूटी ऑफिसर धावत आला असता, प्रक्षेपण बंद पडलं की काय म्हणून.

तुझ्या डेमो रेकॉर्डिंगमध्ये मला खटकतं ते हेच. तुझा आवाज चांगला आहे हे तुला माहीत आहे, आणि ते तुला माहीत आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. मोठ्या आवाजाच्या पोरांचा हा रोगच आहे. महिनाभर एक कर: रोज एक उतारा वाच, पण शेजारी बसलेल्या एकाच माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. माइकपासून वीतभर लांब, तोंड किंचित तिरकं, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटणार नाहीत. संहितेची पिन काढून पानं सुटी कर. पान उलटायचं नाही, सरकवायचं. आमच्या श्रुतिकांना एका माइकभोवती चौघं-पाचजणं असायचो. दुरून येणारं पात्र खरोखरच मागे जायचं आणि बोलत बोलत पुढे यायचं. आता तुमचं सॉफ्टवेअर ते अंतर तयार करून देतं. तरीही एकदा पायांनी करून बघ. दुरून हाक मारताना गळा वेगळा लागतो, ते सॉफ्टवेअर कुठून आणणार?

बरं, पुढे. कॉनरॅड जाड होता, उंची बेताची, मिशी, चेहरा गुंडाच्या भूमिकेला शोभेलसा. सिनेमात त्याला तसंच घेत. १९४६च्या ‘द किलर्स’मध्ये सुरुवातीलाच खाणावळीत येऊन बसणाऱ्या दोन मारेकऱ्यांपैकी एक तो आहे. रेडिओवर मात्र तो नायक. १९४८च्या जानेवारीत ‘एस्केप’ या मालिकेत ब्राझीलमधल्या एका मळ्यावर चालून येणाऱ्या मुंग्यांच्या फौजेची गोष्ट झाली. मळ्याचा हट्टी मालक लायनिंगन म्हणजे कॉनरॅड. अजून लोक तो भाग शोधून ऐकतात. सहा वर्षांनी त्याच गोष्टीवर ‘द नेकेड जंगल’ हा सिनेमा निघाला. लायनिंगन झाला चार्लटन हेस्टन. कॉनरॅडही होता त्यात. सरकारी कमिशनरच्या छोट्या भूमिकेत. स्वतःच गाजवलेली भूमिका दुसऱ्याला करताना समोर उभं राहून बघायची, आणि आपली चार वाक्यं म्हणायची.

तिथेच त्याला पुढचं दिसलं असेल.

१९५५मध्ये ‘गनस्मोक’ टीव्हीवर आणायचं ठरलं. रेडिओच्या नटांच्या चाचण्या झाल्या, पण त्या बऱ्याचशा नावापुरत्या होत्या. खुर्चीतून उठताना खुर्चीही सोबत उठली, असा एक किस्सा कॉनरॅडच्या नावावर सांगतात. हसू येतं, पण तो किस्सा मला आवडत नाही. अन्याय झाला की आपण पटकन त्याचा विनोद करतो आणि करणारा सुटतो. डिलन झाला जेम्स आर्नेस. सहा फूट सात इंच! १० सप्टेंबर १९५५ला पहिला भाग लागला, प्रास्ताविक करायला साक्षात जॉन वेन, गुराख्यांच्या सिनेमांतला सगळ्यात मोठा नट. रेडिओवरच्या चार मुख्य नटांपैकी एकही टीव्हीवर आपल्या भूमिकेत गेला नाही. कॉनरॅडबरोबर पार्ली बेअरचा चेस्टर (डिलनचा मदतनीस), हॉवर्ड मॅकनिअरचा डॉक (गावचा डॉक्टर), जॉर्जिया एलिसची किटी (गुत्त्यातली बाई), सगळे बदलले. टीव्हीची मालिका वीस वर्षं चालली, १९७५पर्यंत, ६३५ भाग.

आता मला तुला खरं जे सांगायचंय ते. रेडिओवरचं ‘गनस्मोक’ त्या दिवशी बंद पडलं नाही. ते १८ जून १९६१पर्यंत चालू होतं. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं दोन मॅट डिलन एकाच वेळी होते. एकाचा चेहरा देशभर घराघरात, आणि दुसरा दर आठवड्याला हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन, कागद हातात घेऊन, त्याच माणसाचं बोलणं बोलतोय. त्याला राग आला नसेल असं समजू नकोस. आला होता. पण त्या सहा वर्षांतले भाग ऐक, १९५३चा एक आणि १९५९चा एक असे लागोपाठ ऐक. कुठेही त्याने काम टाकलेलं नाही. उलट डिलन जास्त थकलेला, जास्त खरा झालाय. श्रोते कमी होत चालले होते, पैसा टीव्हीकडे वळला होता, हे त्याला दिसत नव्हतं असं थोडंच आहे?

याला मी सहनशीलता म्हणणार नाही. सहनशील माणूस मला फारसा आवडतही नाही. मला वाटतं त्याने एक हिशेब स्वच्छ ठेवला होता: भूमिका सीबीएसची, ती त्यांनी कुणालाही द्यावी, माइकसमोरचं काम माझं, ते खराब करायचा हक्क त्यांना मी का देऊ?

दुसरीही एक गंमत बघ. १९५९च्या नोव्हेंबरात ‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’ हे कार्टून सुरू झालं, उडती खार आणि एक बावळट मूस, म्हणजे तिकडचं भलंमोठं सांबर. त्याचा धापा टाकत, घाईघाईने, चढ्या पट्टीत बोलणारा निवेदक कोण? कॉनरॅड. म्हणजे तोच माणूस त्याच काळात एकीकडे डिलनचं मोजकं बोलणं करतोय आणि दुसरीकडे पोरांसाठी बोंबलतोय. दोन्ही लागोपाठ ऐकलंस तर गळा एकच आहे यावर तुझा विश्वास बसणार नाही. मग १९६३पासून ‘द फ्युजिटिव्ह’चं निवेदन. खुनाच्या खोट्या आरोपातून पळणाऱ्या डॉक्टरची ती मालिका. २९ ऑगस्ट १९६७ला तिचा शेवटचा भाग बघायला अख्खी अमेरिका टीव्हीपुढे बसली होती, आणि त्यातलं शेवटचं वाक्य कॉनरॅडच्या आवाजातलं आहे. चेहरा एकदाही दिसत नाही.

या वर्षांत तो आणखी एक गोष्ट करत होता, आणि ती तू वाचून सोडून देऊ नयेस. तो काचेच्या पलीकडे गेला. टीव्हीचे भाग दिग्दर्शित करू लागला, निर्माता झाला, १९६५ या एका वर्षात वॉर्नर ब्रदर्ससाठी तीन सिनेमे दिग्दर्शित केले. तिन्ही फार थोर आहेत असं नाही. पण पडद्यावर कुणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्यांच्या खोलीत तो बसू लागला. आणि टीव्हीवरच्या ‘गनस्मोक’चेसुद्धा दोन भाग त्याने दिग्दर्शित केले, एक १९६३ला आणि एक १९७१ला. आर्नेस समोर मॅट डिलन म्हणून उभा आहे आणि कॅमेऱ्यामागे मूळ मॅट डिलन. त्या सेटवर कोण काय बोललं असेल, हे जाणून घ्यायला मी काहीही दिलं असतं.

त्याच १९७१मध्ये ‘कॅनन’ सुरू झाली. खासगी गुप्तहेर, जाडजूड, खाण्याचा शौकीन, मोठ्या गाडीतून फिरणारा. पाच वर्षं, १२२ भाग, नायक विल्यम कॉनरॅड, पन्नाशी उलटलेली. वाहिनी कोणती, सांग. सीबीएस! आणि १९८७पासून पुन्हा सीबीएसवरच ‘जेक अँड द फॅटमॅन’, पाच वर्षं.

इथपर्यंत वाचून तुला बरं वाटलं असेल, तर थांब जरा. मी ही गोष्ट ‘धीर धर, तुझाही दिवस येईल’ म्हणून सांगत नाहीये. कॉनरॅडला सोळा वर्षांनी मुख्य भूमिका मिळाली. जॉर्जिया एलिसला मिळाली नाही. टीव्हीवर तिचं नाव फारसं दिसलं नाही. तिची किटी ऐक एकदा, आणि ती काही कमी होती का ते मला कळव. मॅकनिअर पुढे ‘द अँडी ग्रिफिथ शो’मध्ये फ्लॉइड न्हावी म्हणून लोकांच्या लक्षात राहिला, बेअरही त्याच मालिकेत गावचा मेयर झाला. चौघंही गुणी, नाकारली गेली एकाच वेळी, आणि वाटा गेल्या चार दिशांना. जाड पुरुषाला पन्नाशीत नायक होता आलं; जाड बाईला त्या काळी कुणी गुप्तहेर केलं असतं का, हे तूच सांग. आणि ‘फॅटमॅन’ हे नाव मालिकेच्या पाटीवर लावणं मला आजही रुचत नाही. त्याने ते चालवून घेतलं. तू चालवून घ्यावंस असं नाही. जाड आहेस म्हणून विनोदी हवालदाराच्याच भूमिका येऊ लागतील, त्यातल्या काही चांगल्या लिहिलेल्या असतील, बऱ्याचशा नसतील. संहिता वाचल्याशिवाय हो म्हणू नकोस, एवढं नक्की.

वजनाचं म्हणशील तर, डॉक्टरने सांगितलं तर कमी कर, कास्टिंगवाल्याने सांगितलं म्हणून नको. कॉनरॅड ११ फेब्रुवारी १९९४ला गेला, हृदयविकाराने, त्र्याहत्तराव्या वर्षी. तुझ्या घरी मधुमेह आहे हे मला माहीत आहे. सकाळी चालायला जा, उगाच वाद घालू नकोस.

आता त्या डबिंगबद्दल. माझं मत, कर. पण गप्प जाऊन नाही. श्रेयनामावलीत ‘आवाज’ म्हणून तुझं नाव यायला हवं, आणि ते तोंडी कबूल करून चालणार नाही. मानधन एपिसोडप्रमाणे ठरव, दिवसाप्रमाणे नको, कारण दिवस ताणला जातो. तुझा आवाज पुढे मशीनला शिकवायला किंवा दुसऱ्या कार्यक्रमात वापरायचा असेल तर वेगळी परवानगी, वेगळे पैसे. हे कलम आता सगळीकडे गुपचूप घुसवतात. यातलं काहीच मान्य नसेल तर मात्र सरळ नाही म्हण. ऑडिओबुकची कामं आहेत, आकाशवाणीची नाट्य-ऑडिशन आहे, आणि तुझं पोट काही या एका मालिकेवर नाही.

हो म्हणालास तर त्या मुलाला नीट बघ. ज्याने तुझी भूमिका घेतली तो चोर नाही. आर्नेसचंच घे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओला त्याच्या पायाला गोळ्या लागल्या होत्या, तो पाय त्याला जन्मभर छळत राहिला. वीस वर्षं तो डिलन म्हणून घोड्यावर चढत-उतरत होता, आणि बघणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ते मनात येत असेल? प्रत्येक चेहऱ्यामागे असं काहीतरी असतं. त्या पोराचं मराठी अडखळतं तर का अडखळतं ते विचार. तो कुठे श्वास घेतो, वाक्य संपल्यावर नजर कुठे नेतो, ते आवाज बंद करून दोन-तीनदा बघ, मग माइकसमोर उभा राहा. ओठ जुळवणं हे कारकुनी काम आहे, ते यंत्रसुद्धा करेल. त्याच्या श्वासात तुझं वाक्य बसलं पाहिजे. जमलं तर त्याच्याशी ओळख कर, चहा पी. तुम्ही दोघं मिळून एक फौजदार करताय.

आणि तिथला दिग्दर्शक काचेमागून काय काय करतो ते बघत राहा. ट्रॅक कसे लावतात, कुठला टेक ठेवतात आणि का, ते विचार. तुझ्या वयात लाज वाटत नाही विचारायला, पुढे वाटायला लागते.

करारपत्र आलं की सही करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. मागच्या बाजूचेसुद्धा. आणि आईला सांग, लोणचं पोचलं.

तुझी,
मावशी